चुंबळ, पोते आणि मान

उन्हाळ्यात पाण्याला जाणे हे आमच्या विट्यात बायकांचे आणि मुलींचे काम होते. खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. मार्च सरला की आडाचे पाणी तळाला जाई आणि मग टँकरची वाट पाहायची, नाहीतर लांबच्या विहिरीची वाट धरायची. १९८०च्या दशकाच्या शेवटी मी प्राथमिक शाळेत होते. आईच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि मागून माझ्या डोक्यावर एक लहान कळशी अशी आमची वरात निघे. निघण्यापूर्वी आई जुन्या लुगड्याचा धडपा पिळून त्याचे वेटोळे करी आणि ते डोक्यावर ठेवी. ही चुंबळ.

चुंबळीचे काम काय, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात जरूर विचारून पाहावा. ‘हंडा घसरू नये म्हणून’ हे उत्तर लगेच येते आणि ते बरोबरही आहे. दुसरे उत्तर दाबाचे आहे. समजा, भरलेला हंडा १८ किलोंचा आहे आणि चुंबळीवाचून तो टाळूच्या ९ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलोंचा भार झाला. चुंबळीमुळे हीच जागा ७२ चौरस सेंटिमीटर झाली तर भार पाव किलोवर येतो, आठपट कमी! मग तिसरा प्रश्न विचारावा: मानेवरचा भार किती कमी झाला? अनेक मुले उत्साहाने ‘आठपट’ म्हणतात. खरे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. उलट चुंबळीचे वजन तेवढे वाढले.

डोके, मान आणि जबडा यांच्या दुखण्याचा इतिहास वाचताना मला ही चुंबळ पुन:पुन्हा आठवते. जिथे टोचते तिथे काहीतरी मऊ ठेवायचे, भार मात्र खाली तसाच पोचत राहतो, असा प्रकार या इतिहासात अनेकदा घडला आहे. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. या तीन जागांच्या बाबतीत दुखते एकीकडे आणि दुखण्याचे मूळ असते दुसरीकडे, हे फार सर्रास होते.

आमच्या घरातलेच उदाहरण सांगते. माझे एक चुलत आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत, १९६०च्या आसपास मुंबईला गेले. आमच्या भागातून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या. ज्यांना सोने-चांदी गाळण्याचे कसब होते ते गलाईच्या धंद्यात शिरून देशभर पांगले. ज्यांच्याजवळ फक्त अंगातली ताकद होती त्यांनी गोदी आणि दाणाबंदर गाठले. तात्या दुसऱ्या वाटेचे. त्या काळी साखरेचे पोते म्हणजे १०० किलो. मान पुढे वाकवायची, पोते डोक्याच्या मागच्या भागावर आणि पाठीच्या वरच्या भागावर घ्यायचे आणि फळीवरून चालत जायचे. पंचेचाळिशीत त्यांचे डोके दुखू लागले. दुखणे मानेच्या काट्यापाशी सुरू होई, डोक्यावरून चढून एका डोळ्यामागे बसे, कानशील ठणके आणि मग त्याच बाजूचा खालचा जबडा. जबडा दुखतो म्हटल्यावर कोणीतरी दातांकडे बोट दाखवले. दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, दुखणे राहिले. सुटीवर गावी आले की ते कपाळाला फडके आवळून ओट्यावर बसलेले दिसत. बामाची बाटली खिशातच असे.

असे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यातल्या अर्धावभेदकाला आपण आजही अर्धशिशी म्हणून ओळखतो. सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा तो सूर्यावर्त. याच यादीत अनन्तवात नावाचा एक विकार आहे आणि त्याचे वर्णन मला विशेष वाटते. वेदना मानेच्या मागच्या बाजूला तीव्रपणे सुरू होते, मग डोळा, भुवई आणि कानशील इथे ठाण मांडते, गालाच्या बाजूला कंप येतो आणि जबडा धरतो. जबडा धरण्याला तिथे हनुग्रह असा शब्द आहे. मान, डोके आणि जबडा एकाच आजाराच्या वर्णनात एकत्र आले आहेत. तात्यांची तक्रार जवळजवळ हीच होती.

इथे घाईने ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. तीन दोष एकदम बिघडल्यामुळे असे होते, हे सुश्रुताचे स्पष्टीकरण आज टिकत नाही आणि सांगितलेल्या उपायांत शीर तोडून रक्त काढणेही आहे. टिकते ते निरीक्षण. या तीन जागा एकत्र दुखतात हे कोणीतरी रुग्णाजवळ बसून नीट पाहिले आणि लिहून ठेवले. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

मधल्या काळात दातांचे फार हाल झाले. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा धक्का बसावा तशी काही सेकंदांची जीवघेणी कळ येते, असा एक आजार आहे. १७५६ मध्ये फ्रान्समधल्या निकोला आन्द्रे यांनी त्याला नाव दिले आणि १७७३ मध्ये लंडनचे जॉन फॉदरगिल यांनी त्याचे अचूक वर्णन केले. दात घासताना, घास चावताना, गालाला वारा लागताना ही कळ उठते. साहजिकच रुग्ण दाताकडे बोट दाखवी आणि दात निघे. एक निघाला, गुण नाही, मग शेजारचा. चेहऱ्याची संवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेतून जाते आणि चेहऱ्याच्या हालचाली सातव्या चेतेमुळे होतात, हे चार्ल्स बेल यांच्या १८२०च्या दशकातल्या कामाने स्पष्ट होत गेले, तेव्हा कुठे दोष दाताचा नसून चेतेचा असावा हा विचार रुजला. वॉल्टर डँडी यांना १९३०च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी दिसले की अनेक रुग्णांत मेंदूजवळची एक रक्तवाहिनी या चेतेला टेकलेली असते. ती अलगद बाजूला करून मध्ये गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी रूढ केली. १९६२च्या सुमारास कार्बामाझेपिन हे औषध या दुखण्यावर वापरात आले आणि आजही पहिले औषध तेच आहे. गंमत म्हणजे साधी वेदनाशामक गोळी इथे काही करत नाही, आणि अपस्मारावर वापरले जाणारे हे औषध मात्र गुण देते. निदान बरोबर असणे किती महत्त्वाचे, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

तात्यांचे दुखणे मात्र या जातीचे नव्हते. ते क्षणाची कळ नव्हते, तासन्‌तास ठणकणारे होते. ते समजायला वेगळा शोध लागला. त्या शोधाचे साधन अगदी साधे होते: मीठपाणी.

१९३०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात थॉमस लुईस यांच्या हाताखाली जे. एच. केलग्रेन हे तरुण डॉक्टर काम करत होते. शरीरातल्या द्रवापेक्षा खारट पाणी स्नायूत अगदी थोडे टोचले तर काही मिनिटे वेदना होते आणि ती आपोआप जाते. केलग्रेन यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना वेगवेगळ्या स्नायूंत अशी टोचणी केली आणि वेदना कुठे जाणवते ते आकृतीवर रंगवले. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आकृत्यांनी डॉक्टरांना चकित केले. सुई जिथे टोचली त्याहून बरेच दूर दुखत होते. अशा प्रयोगांत मानेच्या वरच्या भागातल्या स्नायूंना टोचले तर डोके दुखे. चावण्याच्या स्नायूंना टोचले तर दात दुखल्यासारखे वाटे, आणि दात तर धडधाकट असत.

याचे कारण मेरुरज्जूच्या अगदी वरच्या टोकाला आहे. चेहरा, कपाळ, डोळा आणि जबडा यांची वेदना पाचव्या मस्तिष्क चेतेतून येते. या चेतेचे वेदनेचे तंतू मेंदूत शिरतात ते थेट वर जात नाहीत. आधी खाली उतरतात आणि मानेतल्या मेरुरज्जूच्या वरच्या भागापर्यंत येतात. मानेतल्या पहिल्या तीन चेतांचे तंतूही तिथेच येतात. दोन्हींचे तंतू एकाच चेतापेशीला जाऊन भिडतात आणि ती पेशी पुढचा निरोप मेंदूला देते. दोन गावांचा टपालाचा थैला एकच असावा आणि पाकिटावर गावाचे नाव नसावे, तसा हा प्रकार आहे. वर बसलेला कारकून अंदाजाने गाव ठरवतो. मानेचे पत्र कपाळाच्या नावावर खपते. १९६१ मध्ये फ्रेड्रिक कर यांच्या प्रयोगांनी या संगमाचा पुरावा दिला. पुढे ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडक यांनी उलट बाजूने खात्री करून घेतली. मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याकडे जाणारी बारीक चेता औषधाने बधिर केली तर काही रुग्णांची डोकेदुखी तेवढ्यापुरती नाहीशी होते, असे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवले.

अनन्तवाताच्या वर्णनात मान, डोळा आणि जबडा एका ओळीत का यावेत, याचे उत्तर या एवढ्याशा जागेत आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक डोकेदुखी मानेतून येत नाही. बहुतेक डोकेदुखी ताणाची किंवा अर्धशिशीची असते. शिवाय थैला दोन्ही गावांचा असल्यामुळे पत्र उलटही जाते: अर्धशिशीच्या झटक्यात मान आखडते आणि रुग्ण ‘माझी मानच वाईट आहे’ असे समजून महिनोन्‌महिने मान शेकत बसतो.

आता मानेकडे वळू. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते आणि ते पहिल्या मणक्यावर तोललेले असते. तोल नेमका मध्यावर नाही, जरा पुढे आहे. एस.टी.त डुलकी लागली की डोके पुढे पडते, मागे पडत नाही, ते यामुळेच. म्हणून मानेमागच्या स्नायूंना सतत थोडे खेचून धरावे लागते. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली: टेकू मध्ये, भार पुढे, बल मागे. भाराचे अंतर अडीच सेंटिमीटर आणि स्नायूंचे पाच सेंटिमीटर धरले तर ५ किलोंच्या डोक्यासाठी स्नायूंना अडीच किलोंचे बल लावावे लागते आणि टेकूवर साडेसात किलो येतात. मान जितकी पुढे वाकेल तितके भाराचे अंतर वाढते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी ६० अंश वाकलेल्या मानेवर २७ किलोंचा भार येतो असे गणित मांडले. मोबाइलच्या संदर्भात हा आकडा फार गाजला. ते मोजमाप नव्हते, गणिती प्रतिमान होते. तेव्हा आकडा शब्दशः घेऊ नये, दिशा लक्षात घ्यावी. विट्याच्या यंत्रमागावर धागा सांधणारा कामगार आणि बैठकीवर वाकलेला सोनार यांना ती दिशा मोबाइल येण्याआधीपासून माहीत आहे.

हंडा नेणारी बाई मान ताठ ठेवते. तिथे तरफेचा प्रश्न कमी, सरळ दाबाचा अधिक. या चालीचा अभ्यास १९८६ मध्ये केनियात झाला. लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे जादा ऊर्जा न खर्चता नेतात, असे त्यात आढळले आणि ‘नेचर’मध्ये ते छापून आले. जगभर कौतुक झाले. पण ऊर्जा खर्च न होणे आणि मान शाबूत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजनचे माप घेतले तर दम कळतो, मणका कळत नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात ती फुकटची बचत सरसकट दिसलीच नाही. बाईगणिक फरक होता आणि डोक्यावरच्या ओझ्याने मान अवघडल्याची तक्रार ठळक होती.

ही तक्रार आपल्याकडे कोणी फारशी नोंदली नाही. रोजगार हमीची पहिली चाचणी वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाली. १९७२च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली. बंडिंग, तलाव आणि रस्ते यांच्या कामावर लाखो बायकांनी मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. मजुरी उपसलेल्या मातीच्या मापावर मिळे. खड्डा मोजला जाई. डोक्यावरून किती गेले ते कोण मोजणार? त्या योजनेने माणसे जगवली यात शंका नाही आणि माझ्या आजीलाही जगवले. पण तिची मान वळत नव्हती आणि हे तिचे ‘वय’ आहे असेच घरात सगळे धरून चालत.

हमालाची गोष्ट वेगळी. तात्यांची मान वाकलेली असे आणि वाकलेल्या मानेवर पोते असे. दाब आणि तरफ दोन्ही एकदम. १९६८ मध्ये आजच्या हरारे शहरातले मेंदूशल्यविशारद लेव्ही यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हमालांच्या मानेवर एक लेख लिहिला. डोक्यावर मोठे ओझे असताना पाय घसरला, ओझे कलंडले आणि मान मोडली असे रुग्ण त्यांच्याकडे येत. १९९७ मध्ये सिएरा लिओनमधल्या ओझी वाहणाऱ्या आणि न वाहणाऱ्या माणसांच्या मानेचे एक्स-रे ताडून पाहण्यात आले. वाहणाऱ्यांच्या मणक्यांत झीज कितीतरी अधिक निघाली.

झीज हा शब्दसुद्धा जपून वापरावा लागतो. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, कडांना हाडाची टोके वाढतात आणि त्यामुळे चेता किंवा खुद्द मेरुरज्जू दाबला जाऊ शकतो, हे रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये सविस्तर मांडले. तेव्हापासून ‘स्पाँडिलायटिस’ हा शब्द, खरे तर तो ‘स्पाँडिलोसिस’ हवा, आपल्या गावोगावी पोचला. एक्स-रे काढायचा, झीज दाखवायची, गळ्यात पट्टा अडकवायचा. तात्यांचाही एक्स-रे निघाला आणि पट्टाही आला. पुढे एमआरआय आले आणि मग एक अवघड गोष्ट उघड झाली. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी काहीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांच्या मानेचे एमआरआय प्रसिद्ध केले. त्यातल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या! म्हणजे चित्रात झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. हाताला मुंग्या येणे, बोटांतून वस्तू निसटणे, चालताना पाय अडखळणे अशी लक्षणे असतील तर चित्र फार मोलाचे असते आणि वेळ घालवून चालत नाही. एरवी ते चित्र पांढऱ्या केसांइतकेच बोलके असते.

जबड्याकडे यायचे राहिले. इथे एक सोपा प्रयोग आहे. दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली स्नायू टणक होतो. चावण्याचा एक मोठा स्नायू पंख्यासारखा कानशिलावर पसरलेला आहे. जड वस्तू उचलताना आपण दातओठ खातो तेव्हा हाच स्नायू आवळला जातो. दिवसभर पोती उचलणारा माणूस दिवसभर दाढा आवळतो. संध्याकाळी त्याचे कानशील ठणकले तर ती डोकेदुखी म्हणायची की जबडेदुखी? काही लोकांना हीच सवय झोपेत असते, काहींना पेपर तपासताना. शिक्षक वाचकांनी मार्चमध्ये स्वतःकडे लक्ष देऊन पाहावे.

१९३४ मध्ये अमेरिकेत सेंट लुई इथले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून असे मांडले की मागचे दात गेल्यामुळे जबड्याचा सांधा मागे सरकतो, चेतांवर दाब येतो आणि त्यामुळे कान, डोके आणि जबडा दुखतो. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे दाखवले की असा दाब पडूच शकत नाही. तोवर दंतवैद्यक त्या कल्पनेच्या मागे गेले होते. दात घासून ‘चावा’ दुरुस्त करण्याचे उपचार कित्येक वर्षे चालले. घासलेला दात काही परत वाढत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने सल्ला दिला की परत फिरवता येतील असे साधे उपाय आधी करावेत. मऊ अन्न, शेक, मोठी जांभई टाळणे आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दाढा सुट्या ठेवण्याची सवय, एवढ्याने बहुतेकांना उतार पडतो.

जबडा दुखणे वेगळे आणि तोंड उघडेनासे होणे वेगळे, हेही इथेच सांगायला हवे, कारण ती गोष्ट आपल्या राज्यातली आहे. तोंडाचे आतले अस्तर चामड्यासारखे घट्ट होत जाते या विकाराकडे मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्ष वेधले. त्याचे मुख्य कारण सुपारी ठरले आणि पुढे गुटख्याने तो विकार शाळकरी मुलांपर्यंत आणला. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे जावे. हा विकार कर्करोगाकडे झुकू शकतो. चावताना जबडा दुखतो आणि वय पन्नाशीपुढे असून नजर अंधूक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, तर मूळ हृदयात असू शकते. हेही चुकीच्या गावच्या नावावर खपलेले पत्रच.

मग मानेतून येणाऱ्या डोकेदुखीवर उपाय काय? पट्ट्याने मान थोडा वेळ विसावते, पण तो महिनोन्‌महिने घातला तर स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस अशा सलग काही महिने घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. अनेक घरांत हे चालू असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जल आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली. हाताने सांधे हलवणे आणि मानेच्या खोल स्नायूंचा हलका व्यायाम, या दोन्हींचा उपयोग झाला आणि वर्षभराने तपासले तेव्हाही तो टिकून होता. व्यायाम अगदी किरकोळ वाटावा असा आहे: उताणे झोपून ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी हलकेच आत घ्यायची, काही सेकंद धरायची आणि सोडायची. जोर लावला की चुकलाच.

तात्या निवृत्त होऊन विट्याला आल्यावर एका तरुण फिजिओथेरपिस्टने त्यांना हेच शिकवले. ‘एवढ्याने काय होतंय?’ म्हणत त्यांनी ते दोन महिने केले. दुखणे गेले नाही, पण आठवड्यातले चार दिवस मोकळे मिळू लागले. बाम मात्र सुटला नाही. पण ते सांगत की खरा आराम पोती सुटल्यावरच पडला.

पोत्याचा इतिहास हाही या दुखण्याच्या उपचारांचाच इतिहास आहे, असे मला वाटते. १९४८च्या कारखाना कायद्यात, कलम ३४ मध्ये, इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये असे लिहिले होते. पण दाणाबंदर म्हणजे कारखाना नव्हे आणि टोळीतल्या हमालाला मालकही एक नसे. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. माथाडी या शब्दातच माथा आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना या गोष्टी अंगमेहनतीच्या माणसाला मिळू लागल्या. तात्यांचा एक्स-रे निघाला तोही या व्यवस्थेमुळेच. कायद्याच्या उद्देशात आरोग्य आणि सुरक्षितता यांचा उल्लेख होता. पोते मात्र बरीच वर्षे १०० किलोंचेच राहिले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये जास्तीत जास्त ओझ्याविषयीचा करार केला. करारात आकडा नाही, पण सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे. पोत्याचे वजन कमी करा, ही हमाल संघटनांची मागणी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू राहिली. धान्य आणि साखर हळूहळू ५० किलोंच्या पोत्यांत आली. हे कोणत्याही औषधाने झाले नसते.

भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली ती २६ मार्च २०१० रोजी. तात्या त्याआधी आठ वर्षे गेले. त्यांचा एक्स-रे आम्ही बरीच वर्षे माळ्यावर ठेवला होता. मध्यंतरी तो काढून खिडकीच्या उजेडात धरला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली फट जवळजवळ मिटली होती. तो पाहताना माझ्या आईचा हात आपसूक स्वतःच्या मानेमागे गेला.